ऊस तोडणीचें यंत्र आणि तोडणीची वही

घोड आणि कुकडी या दोन प्रकल्पांच्या कालव्यांवर आपल्या श्रीगोंदा तालुक्यांत जो ऊस उभा राहतो, त्याची तोडणी आजवर कोयत्यानेंच होत आली आहे. दसरा झाला कीं आष्टी, पाटोदा, पाथर्डी या बाजूच्या टोळ्या बिऱ्हाड गाडींत घालून निघतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत फडाशेजारींच कोप्या घालून राहतात. गेल्या कांहीं हंगामांपासून मात्र फडांत तोडणीचें यंत्रहि दिसूं लागलें आहे. त्यास सर्वत्र हार्वेस्टर म्हणतात. त्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, टोळीची वाट पाहण्याचा जाच आतां संपला. दुसरा म्हणतो कीं, लाखो गरीब माणसांच्या तोंडचा घास गेला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांचें लक्ष यंत्राच्या पात्यावर खिळलें असून तोडणीच्या वहीकडे कोणाचें फारसें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय ती वही होय.

वही म्हणावयाची ती खरें पाहतां एक नाहीं, चार आहेत. लागणीची तारीख, उसाची जात व क्षेत्र यांची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसांत असते. कोणाचा फड केव्हां तोडावयाचा, ही क्रमवारी शेतकी खातें ठरवितें. प्रत्येक खेपेचें वजन काट्यावर लिहिलें जातें. टोळीनें किती तोडलें, किती उचल घेतली आणि किती फिटली, हा हिशेब मुकादमाच्या खिशांतल्या वहींत असतो. हीं चारी दप्तरें चार ठिकाणीं, चार माणसांच्या हातीं. शेतकऱ्यास पहिल्या वहीचा एक उतारा व तिसरीच्या चिठ्ठ्या मिळतात. तोडणाऱ्या जोडीस बहुधा एकहि पाहावयास मिळत नाहीं.

याचा परिणाम काय होतो, हें सन २०२१-२२ च्या हंगामांत अनेकांनीं अनुभविलें. त्या वर्षीं राज्यांत ऊस इतका झाला कीं, गाळप जूनपर्यंत लांबलें आणि दूरचा ऊस आणण्यास सरकारास वाहतुकीचें अनुदान द्यावें लागलें. माझा दोन एकरांचा खोडवा होता. नोंदीप्रमाणें त्याचा क्रम जानेवारीच्या अखेरीस यावयाचा, तो एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडल्यावर आला. माझ्यामागून नोंद झालेले फड माझ्या डोळ्यांदेखत तुटले. गट ऑफिसांत विचारलें असतां, 'वरून यादी तशी आली आहे,' एवढेंच उत्तर मिळे. ती वरची यादी मात्र मीं पाहिली नाहीं, आणि ज्यानें पाहिली असा माणूसहि मला भेटला नाहीं. तुरा आला, शेंडे वाळले, बुडाशीं पोकळी धरली. अखेर टोळीस खुशाली देऊन मीं फड रिकामा करून घेतला, हें लिहितांना संकोच वाटतो. पण वाचकांपैकीं किती जणांनीं ती दिली नसेल, हें त्यांचें त्यांनींच आठवावें.

त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेंच हा लेख लिहावासा वाटला. माझा फड त्या टोळीचा शेवटून दुसरा होता. टोळींतील एक जोडपें संध्याकाळीं वस्तीवर आलें व आपली उचल किती फिटली असेल, हें हिशेब करून सांगाल काय, असें विचारूं लागलें. मुकादमानें सांगितलेला बाकीचा आंकडा त्यांस पटत नव्हता. पण त्याशीं ताडून पाहावयास त्यांच्याजवळ कांहींच नव्हतें. माझ्या फडाच्या चिठ्ठ्या माझ्याजवळ होत्या, म्हणून त्या चार दिवसांच्या तोडीचा हिशेब मीं त्यांस करून दिला. बाकीच्या पांच महिन्यांच्या चिठ्ठ्या पंधरावीस शेतकऱ्यांच्या घरीं पडल्या होत्या. म्हणजे त्यांच्या सबंध हंगामाच्या श्रमाची नोंद कोणीं केलीच नव्हती, असें नव्हे. ती टनाच्या शंभराव्या भागापर्यंत झालेली होती. फक्त ज्याचे श्रम, त्याला ती वाचतां येत नव्हती.

हा प्रश्न किती रुपयांचा, तें पाहूं. जानेवारी २०२४ मध्यें साखर संघ व कामगार संघटना यांच्यांत करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढला; टनास सुमारें २७३ रुपये होते, ते ३६६ झाले. नवरा-बायकोच्या जोडीस फडाच्या भाषेंत एक कोयता म्हणतात. एका कोयत्याची रोजची तोड दीड टन धरली आणि कामाचे १२० दिवस धरले, तर १८० टन होतात व त्यांचे ६५,८८० रुपये येतात. आतां दहा कोयत्यांच्या टोळीच्या रोजच्या खेपेंत एक टन कमी मांडला गेला, तर हंगामांत १२० टन, म्हणजे ४३,९२० रुपये, टोळीच्या हिशेबांतून निसटले. उचल फिटली नाहीं म्हणजे पुढल्या वर्षीं त्याच मुकादमाकडे त्याच अटींवर जावयाचें. ऊस उत्पादकाची स्थिति निदान कायद्यानें तरी बरी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें त्याचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत, आणि विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावें लागतें. तोडणाऱ्याच्या हातीं असा कागदाचा चिठोराहि नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. मोठें यंत्र चांगल्या रानांत दिवसास शंभर टन व त्याहून अधिक ऊस तोडतें. वरच्याच हिशेबानें सांगावयाचें तर साठसत्तर कोयत्यांचें काम एकटें करितें. किंमत सुमारें एक कोटीच्या घरांत असल्यामुळें तें सामान्य शेतकऱ्यानें एकट्यानें घेण्यासारखें नाहीं. मार्च २०२३ मध्यें राज्य सरकारनें नऊशें यंत्रांसाठीं किमतीच्या ४० टक्के, परंतु ३५ लाखांहून अधिक नव्हे, असें अनुदान जाहीर केलें. तथापि यंत्र आलें म्हणून टोळी उद्यांच नाहींशी होईल, असें समजणें चूक आहे. यंत्रास सरी रुंद लागते, साडेचार-पांच फुटांची. तीन-साडेतीन फुटांच्या जुन्या सरींत त्याचीं चाकें बुडख्यांवरून जातात आणि खोडवा बिघडतो. वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत तें वळतांवळतांच निम्मा वेळ जातो. काळ्या रानांत ओल असली कीं तें रुततें, लोळलेला ऊस त्यास नीट उचलत नाहीं, आणि पाचट बरोबर गेल्यामुळें वजनांतून वजावट होते. शिवाय वाढे मिळत नाहींत. जनावरें बाळगणाऱ्यास वाढ्यांची किंमत सांगावयास नको. टोळीसहि वाढे विकून रोजचा मीठमिरचीचा खर्च भागवितां येतो, तो बंद होतो. तेव्हां पुढील पुष्कळ वर्षें मोठे, सपाट, रुंद सरीचे फड यंत्राकडे आणि लहान, वेडेवांकडे फड टोळीकडे, अशी वांटणी राहील असें दिसतें. चांगले फड यंत्रानें नेल्यावर टोळीच्या वांट्यास कष्टाचे व कमी तोडीचे फड उरतील, आणि दर मात्र टनावरच राहील, ही गोष्ट करार करणारांनीं ध्यानांत घेतलेली दिसत नाहीं.

कोयत्याचें काम जसेंच्या तसें राखावें, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊस तोडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ सालीं सरकारी समितीनें केली, तेव्हां पाहणी केलेल्या सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाडा झाला तर दंड भरावा लागतो, म्हणून दुखणें अंगावर काढणें, हें जिथें चालतें तें काम परंपरागत आहे एवढ्यावरून त्याचा मोह धरण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो, तें बदलतांना ज्यांनीं तें आजवर केलें त्यांच्या हातीं काय राहतें, हा.

येथें खुल्या माहितीचा उपयोग आहे. हा शब्द नवा असला तरी कल्पना गांवास परकी नाहीं. चावडीवर लावलेली पैसेवारी ही खुली माहितीच होय: कोणीहि वाचावी, उतरून घ्यावी, आपल्या गांवाशीं शेजारचें गांव ताडून पाहावें आणि चूक वाटल्यास हरकत घ्यावी, त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. आज हीच गोष्ट फलकाऐवजीं संकेतस्थळावर होते व हिशेब यंत्राला करतां येईल अशा रूपांत ठेवली जाते, इतकाच फरक. साखर आयुक्तालयानें २०२१ च्या हंगामाआधीं उसाचे पैसे थकविणाऱ्या कारखान्यांची रंगवार यादी प्रसिद्ध केली, तेव्हां ऊस कोणास घालावा हें शेतकऱ्यास गाडी भरण्यापूर्वीं कळूं लागलें. अलीकडे कारखानावार तोडणी व वाहतुकीचा खर्चहि प्रसिद्ध होतो. हा खर्च आपल्याच बिलांतून कापला जातो. २०२५-२६ च्या हंगामास सव्वादहा टक्के उताऱ्यास टनास ३,५५० रुपये रास्त दर ठरला, तो या कपातीच्या आधींचा. तेव्हां तोडणीची वही ही मजुरांची बाब, आपली नव्हे, असें कोणीं समजूं नये.

आपल्याकडे नोंदीचीं साधनें आतां बरींच झालीं आहेत. सातबाराचा उतारा अंकीय स्वाक्षरीसह घरीं मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः शेतांत उभा राहून पिकाचें छायाचित्र घालूं लागला. पूर्वीं हें काम तलाठी करी, आणि कित्येकदां तें शेतावर न जातांच होई, हें आपण सर्व जाणतों. २०२२ सालीं साखर आयुक्तालयानें 'महा-ऊस नोंदणी' हें मोबाइलवरील साधन काढलें. पण यांतील बहुतेकांत आपणांस आपलीच नोंद दिसते. आपली नोंद आपणांस दिसणें निराळें, आणि सर्वांचा क्रम सर्वांस दिसणें निराळें. माझा खोडवा मागें पडला तो माझी नोंद मला ठाऊक नव्हती म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या नोंदीशीं ती ताडतां येत नव्हती म्हणून.

उत्तर प्रदेशांत या बाबतींत आपल्या पुढें पाऊल पडलें आहे. तेथें कारखान्यास ऊस घालण्यासाठीं पर्ची लागते, आणि ती मिळविणें व वांटणें हा एक जुना धंदाच होऊन बसला होता. मधल्या माणसांनीं तिचा बाजार मांडला होता. २०१९ पासून तेथील ऊस खात्यानें शेतकऱ्याचें क्षेत्र, त्याचा सट्टा व पर्च्यांचें वेळापत्रक संकेतस्थळावर आणि मोबाइलवर ठेवण्यास आरंभ केला. पुढें पर्चीच मोबाइलवर संदेशानें येऊं लागली. तक्रारी सर्व मिटल्या असें नाहीं. परंतु तक्रार करतांना हातांत आंकडा असतो. पर्ची वांटणाऱ्यांचें काम गेलें, हेंहि खरें. जे काम माहिती अडवून धरण्यावरच चालतें, तें ती मोकळी झाल्यावर टिकत नाहीं. आणि त्याबद्दल मला तरी फारसें वाईट वाटत नाहीं.

तोडणीचा क्रम ओळखीवर न ठरतां उसाच्या पक्वतेवर ठरावा, ही इच्छा जुनीच आहे. आतां तिला साधन मिळालें आहे. युरोपीय संघाचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर पांच दिवसांनीं आपल्या रानावरून जातात व त्यांचीं चित्रें कोणासहि फुकट मिळतात. त्या चित्रांतील एक चौकट दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा एकशेएक चौरस मीटरांचा. तेव्हां उपग्रह आपलें रान जवळजवळ गुंठ्यागुंठ्यानें पाहतो असें म्हटलें तरी चालेल. बांधावरच्या चौकटींत शेजाऱ्याचें पीक मिसळतें, आणि पावसाळ्यांत ढगांखालीं कांहींच दिसत नाहीं; पण ऑक्टोबरापासून पुढें, म्हणजे आपल्याला गरज असते तेव्हांच, आकाश मोकळें असतें. भीमेपलीकडे बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषि विज्ञान केंद्रानें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्यानें अशीं चित्रें, जमिनींतील ओल मोजणारीं साधनें व हवामानयंत्र यांची जोड घालून २०२४ पासून शेतकऱ्यांच्या उसावर प्रयोग चालविले आहेत. जून २०२५ मध्यें राज्य सरकारनेंहि शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेचें धोरण मंजूर करून पांचशें कोटींची तरतूद केली.

मात्र आंकडा यंत्रानें दिला म्हणून तो खरा, ही समजूत टाकावी. आपल्याच शेजारच्या इंदापूर तालुक्यांत प्रिंगल यांनीं केलेली मोजणी व सारा-आकारणी कागदावर फार शास्त्रोक्त होती. पण खालचे आंकडे खोटे असल्यामुळें ती कोसळली आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांस तें काम पुन्हां करावें लागलें. उद्यां तोडणीचा क्रम संगणकानें लावला आणि तो कशावरून लावला हें कोणास दिसलें नाहीं, तर 'वरून यादी आली' या उत्तराऐवजीं 'संगणकानें दिली' एवढें ऐकावें लागेल. फडांत जाऊन ब्रिक्स पाहणारा, चित्र व रान ताडणारा माणूस लागेलच. आणि नवें काम तेथेंच आहे. पीक पाहणीसाठीं गांवोगांव साहाय्यक नेमण्यास सरकारनें आरंभ केला आहे. उसाच्या बाबतींत चिटबॉयचें आजचें काम चिठ्ठी फाडण्याचें; उद्यां तें फडाची पक्वता तपासण्याचें व्हावयास हरकत नाहीं. तें काम टोळींतील शिकलेला मुलगा किंवा मुलगी कां करणार नाहीं?

या ठिकाणीं ब्राझीलचें उदाहरण घेण्यासारखें आहे. तेथील साओ पावलो प्रांतांत २००७ सालीं सरकार व कारखानदार यांच्यांत करार होऊन, ऊस पेटवून हातानें तोडण्याची चाल ठराविक मुदतींत बंद करण्याचें ठरलें. कांहीं वर्षांतच बहुतेक तोडणी यंत्रावर गेली व हजारों तोडणाऱ्यांचें काम सुटलें. तेव्हां कारखानदारांच्या संघानें तोडणाऱ्यांस ट्रॅक्टर व यंत्र चालविणें, दुरुस्ती, विजेचें काम वगैरे शिकविण्याचा उपक्रम चालविला. सर्वांस तें साधलें नाहीं; साधणारहि नव्हतें, कारण एका यंत्रामागें लागणारे चालक बोटांवर मोजण्याइतके. पण तेथें मुदत आधीं ठरली होती आणि माणसें कोण हें ठाऊक होतें. आपल्याकडे मुदत नाहीं आणि माणसांची यादीहि अपुरी आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें स्थापलेल्या महामंडळामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी व ओळखपत्रें देण्याचें काम चालतें. कारखान्याच्या काट्यावरील नोंद या ओळखपत्राच्या क्रमांकास जोडली गेली, तर कोणत्या जोडीनें किती वर्षें, किती टन तोडलें याचा पुरावा आपोआप तयार होईल. यंत्रचालकाच्या शिक्षणास प्रथम कोणास घ्यावें, हें ठरविण्यास याहून चांगलें साधन मला सुचत नाहीं.

खुली माहिती म्हणतांना एक मर्यादा पाळली पाहिजे. फडांचा क्रम, खेपांचीं वजनें, काट्याच्या तपासणीचे दिनांक, तोडणीचा खर्च हें सर्व उघडें असावें. परंतु अमक्या जोडीनें किती उचल घेतली, कोणाच्या घरीं आजार आहे, हें फलकावर लावण्याचें प्रयोजन नाहीं. तो हिशेब त्या जोडीस व मुकादमास सारखाच दिसला म्हणजे पुरे. मुकादमांपैकीं कांहींजण यास विरोध करतील. त्यांचीहि बाजू आहे: उचल घेऊन टोळी न आल्यामुळें बुडालेले मुकादम मीं पाहिले आहेत, आणि शेतकऱ्यांनाहि तो फटका बसला आहे. पण एकच टोळी दोन ठिकाणीं उचल घेते, तीहि वही बंद असल्यामुळेंच.

हें सर्व करण्यास मोठा खर्च येत नाहीं. काट्यावरचें वजन संगणकांत जातेंच. शेतकऱ्यास संदेश पुष्कळ ठिकाणीं येतोच. तोच संदेश आणखी दहा-वीस मोबाइलवर जावयाचा आहे. वेळ मात्र साधली पाहिजे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टांत होते आणि सरी किती फुटांची हें तेव्हांच ठरतें. मुकादमांचे करार व उचलीहि पावसाळ्यांतच होतात. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात. ज्या सभासदांस ही गोष्ट पटेल, त्यांनीं सभेची नोटीस निघतांच मुदतींत लेखी सूचना द्यावी. मसुदा असा करतां येईल: 'कार्यक्षेत्रांतील सर्व नोंदलेल्या उसाची यादी गांव, गट नंबर, जात, लागणीची तारीख व तोडणीचा क्रमांक यांसह गाळप सुरू होण्यापूर्वीं गट ऑफिसच्या फलकावर व संकेतस्थळावर लावावी. क्रम बदलल्यास बदलाचें कारण त्याच ठिकाणीं लिहावें. प्रत्येक खेपेच्या वजनाचा संदेश ऊस उत्पादकाबरोबरच टोळींतील प्रत्येक नोंदलेल्या जोडीच्या मोबाइलवर त्याच दिवशीं पाठवावा.'